पंगत उठेपर्यंत

आपला गेम कुणी मोबाइलमधून काढून टाकला की पायात चपला न घालता गल्लीत येणारा गेमवाला अख्ख्या प्रताप नगरात एकच, आमच्या समोरचा किशोर भोयर. बाहेर येऊन मला विचारणार, "काहून उठला असन गा तो? काही कमी पडलं का?"

गॅरेजमध्ये त्याचा स्टुडिओ होता: दोन कॉम्प्युटर, एक खडखडता कूलर आणि चित्रं काढणारी पल्लवी. गेमचं नाव 'पंगत'. लोक जेवायला बसलेत, आपण वाढत सुटायचं. कुणाची पत्रावळ रिकामी राहिली की तो रागावून उठतो. खेळणाऱ्यांना किशोर 'पावने' म्हणायचा.

गेम फुकट होता. पैसे द्यायचं बटण होतं, पण इतकं कोपऱ्यात की ते शोधणं हाच दुसरा गेम. वर लिहिलेलं, 'जमत असेल तरच.' एकदा कुणीतरी खरंच पैसे भरले, तर हा दिवसभर चोरी पकडल्यासारखा तोंड लपवत फिरला. मी बँकेत आहे. कर्ज बुडवणारेसुद्धा माझ्यासमोर इतके लाजत नाहीत.

हिशेब त्यालाही कळत होता. नवा पाहुणा आणायला जाहिरातीवर जे जायचं, तेवढं तो पाहुणा जन्मात देत नसे. सर्व्हरचं भाडं आणि पल्लवीचा पगार बायकोच्या शाळेतल्या नोकरीवर निघायचा. शेवटी पल्लवीचा पगार थकला, तेव्हा मी शहाणपणा शिकवायला गेलो.

"गेममध्ये जाहिराती टाक. मोठ्या आवाजाच्या, बंद न होणाऱ्या. त्याचेच पैसे भेटतात."

"जेवत्या मानसाजवळ उभं राहून पैसे मांगतं का गा कोनी?"

"मंग पल्लवीले काय पगारात पत्रावळ देशील?"

हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. त्याच आठवड्यात जाहिराती आल्या, आणि पल्लवीचा पगारही झाला.

पुढच्याच महिन्यात आईचं ऑपरेशन धंतोलीतल्या एका दवाखान्यात होतं. बाहेर बाकावर मी आणि बाबा. बाबांना घोर लागला की हाताला काम लागतं, म्हणून ते 'पंगत' खेळत होते. किशोरनंच त्यांना ती शिकवली होती. तोही आमचा डबा घेऊन आला होता. सगळा हॉल गप्प होता. तेवढ्यात बाबांच्या मोबाइलमधून ढोल वाजले आणि एक बाई किंचाळली, "पत्ते खेळा, लखपती व्हा!"

बाबांचा अंगठा काचेवर सैरावैरा फिरू लागला. आवाज थांबेना. समोर पदरानं डोळे पुसत बसलेल्या बाईनं वर पाहिलं. बाबा उठले आणि सगळ्या हॉलला हात जोडून म्हणाले, "माफ करा जी, म्या काहीच केलं नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. किशोर डब्यासकट बाबांच्या पायाशी बसला होता. "काका, चूक माही आहे," तो म्हणाला. ती माझी होती, आणि मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

आई बरी होऊन घरी आली. जाहिराती ऑपरेशनच्याच दिवशी निघाल्या होत्या. किशोरनं ओळखीपाळखीनं पल्लवीला पुण्यात नोकरी लावून दिली, गॅरेज रिकामं केलं आणि स्वतः हुडकेश्वरच्या एका कोचिंग क्लासमध्ये कॉम्प्युटर सांभाळायला लागला.

परवा पाहतो तर बाबा 'पंगत' खेळतायत, आणि रोज नवी पंगत येते म्हणतात. म्हणजे सर्व्हर चालू. मी समोर गेलो.

"अजून भाडं भरून राहिला? कोन खेळते?"

किशोर ओशाळला. "एकच पावना उरला. काका."

"बंद कर न. मी सांगतो बाबाले."

"शेवटचा मानूस जेवून राहिला गा," तो हळूच म्हणाला. "वाढप्यानं हात कसे धुवावे?"

घरी आल्यावर लक्षात आलं, याला एवढा सल्ला देणारा मी 'पंगत' एकदाही खेळलो नव्हतो. लाज वाटली. गेम मोबाइलवर उतरवून घेतला, खोटं नाव टाकलं, आणि झोपेपर्यंत वाढत राहिलो.

सकाळी ऑफिसला निघालो तर किशोर गल्लीत, बिनचपलांचा.

"नवा पावना आला गा! पोटभर जेवला!"

मी खाली वाकून आधीच बांधलेली बुटाची नाडी पुन्हा बांधायला लागलो.