उजेड पोचेपर्यंत

नरहरकाका गुरुवारी पहाटे मेहकरला वारले. हे वाक्य वाचकांनी वाचलेलंच नाही असं धरून चालावं. हळ्ळीखेडात अच्युतराव मास्तरांनी तेच केलं, आणि त्यांच्यापुढं तर तार होती.

तारवाला गुरुशांतप्पा ती पुढं करून उभा होता आणि मास्तरांनी दोन्ही हात पाठीमागं बांधले होते. मागं मांडव होता. संध्याकाळी गोरज मुहूर्तावर अन्नपूर्णेचं, म्हणजे मास्तरांच्या मुलीचं, लग्न होतं. देवक बसायला अजून अर्धा तास होता. एकदा देवक बसलं की सूतक आड येत नाही. म्हणजे काका जायचे ते गेलेच होते. तार तेवढी अर्धा तास लवकर आली.

"सर, सही करा."

"काय लिहिलंय त्यात?"

"मला काय ठावं सर, मी लोकांच्या तारा वाचत न्हाई. काका गेले, अग्नी तुमच्याच हातनं, लगेच या, असं लिवलंय."

काकांना मूलबाळ नव्हतं. पुतण्या, म्हणजे मास्तर, गेल्याशिवाय अग्नी मिळणार नव्हता, आणि पुतण्या गेला तर दहा दिवस सूतक नि लग्न मोडलेलं. अन्नपूर्णा एकोणतीस वर्षांची होती. आर्द्रेवर जन्मलेली म्हणून तिची दोन स्थळं फिरली होती. तिसरं हुमनाबादच्या मुकुंदरावांच्या मुलाचं. तेही गेल्या पंधरवड्यात फिरता फिरता राहिलं होतं, आणि त्याला कारण स्वतः मास्तरच होते.

झालं असं की, त्या फेब्रुवारीत दक्षिणेच्या आभाळात एक तारा फुटल्याची बातमी पेपरात आली. हळ्ळीखेडातून तो दिसणार नाही हे ऐकून आख्खा नववीचा वर्ग हिरमुसला. मास्तरांना दया आली. ते म्हणाले, नाराज होऊ नका, आपल्या आर्द्रेचा तांबडा ताराही म्हातारा होऊन सुजलाय, तोही आता कधीही फुटेल, भर दुपारी दिसेल. 'कधीही' म्हणजे येत्या लाखभर वर्षांत, हे ते पुढं सांगणार होते. पण तेवढ्यात घंटा झाली.

दोन दिवसांत मुकुंदराव दारात हजर. तहसील कचेरीत एकतीस वर्षं जन्ममृत्यूचं रजिस्टर सांभाळून निवृत्त झालेला माणूस.

"व्याही, मुलीचं नक्षत्रच मरायलंय म्हणं. लग्नात गेलं तर सूतक कुणी धरायचं?"

मास्तरांनी पाट मांडला, चहा दिला आणि समजावलं. "त्याचा उजेड इथं यायला पाचशे वर्षं लागतात. तो कदाचित कधीचाच मेलाय. पण उजेड पोचत न्हाई तोवर आपल्यापुरता जिवंत. आणि पोचंल तेव्हा बातमी पाचशे वर्षं जुनी. वर्ष उलटून गेलेल्या बातमीला शास्त्रात काय सांगितलंय?"

"नुसती आंघोळ," मुकुंदराव म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. नियमात बसलेलं मरण त्यांना फार आवडायचं.

तेच शास्त्र आता तारेच्या रूपानं दारात उभं होतं.

"गुरुशांतप्पा," मास्तर हळू म्हणाले, "उजेड अजून पोचला न्हाई."

गुरुशांतप्पाची मुलगी नववीत होती. त्याला ते पाठ होतं. "सही न्हाई तर तार आली न्हाई, सर. पण तार दिल्याबिगर मला हापिसात तोंड दाखवता येईना."

"मग जेवूनच जा."

देवक बसलं. गुरुशांतप्पा पहिल्या पंगतीला बसला, मांडीवर तार ठेवून.

दुपारी वऱ्हाड आलं. मुकुंदराव जीपमधून उतरले आणि पहिला प्रश्न टाकला, "नरहरकाका कुठायत?"

"त्यांना बरं न्हाई."

"वडीलधाऱ्याच्या पाया पडल्याशिवाय माझा मुलगा बोहल्यावर चढत नसतो. बंडेप्पा, जीप काढ. मेहकरला जाऊन काकांना घेऊन ये. कसे बी असू द्या."

"कामून त्रास घेताव," मास्तरांचा आवाज फाटला.

"त्रास कसला आलाय, व्याही."

शेजारच्या तालुक्यातल्या त्या मेहकरात लोक पहाटेपासून ताटकळले होते. ऊन चढत होतं, पुतण्याचा पत्ता नव्हता. दुपारी तीनला जीप येऊन थांबली. "अच्युतरावांच्या मांडवातनं आलाव. काकांना न्यायला सांगितलंय."

लोकांचा जीव भांड्यात पडला. मास्तराला लग्न सोडून येता येईना, म्हणून त्यानं काकांनाच बोलावून घेतलं. सगळ्यांना ते शहाणपणाचं वाटलं. आडवं निजवायला जीपमध्ये जागा नव्हती. त्यांनी काकांना पुढच्या सीटवर बसवलं, उपरण्यानं बांधलं, डोक्यावर पगडी चढवली. बंडेप्पानं जीप चालू केली. तीस वर्षं त्यानं साहेब लोकांच्या जीपा चालवल्या होत्या, आणि पुढच्या सीटवरच्या माणसाशी आपण होऊन बोलायचं नसतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

साडेसहाला जीप मांडवासमोर आली. मास्तरांनी काचेतून काका पाहिले आणि खांब धरला. याच माणसानं त्यांना लहानपणी खळ्यावर उभं करून बोटानं आर्द्रा दाखवली होती.

मुकुंदराव पुढं झाले. वाकून पाय धरले. मग वाकलेलेच राहिले, नमस्काराला लागतो त्यापेक्षा बराच वेळ. एकतीस वर्षांचा अनुभव होता, हाताला कळलं. ते सरळ झाले, मुंडावळ्या बांधलेल्या मुलाकडं बघितलं. तो छत्तीसचा होता आणि मिशीला कलप होता. मग त्यांनी वर बघितलं. मांडवाच्या झावळ्यांवर तांबडा तारा नुकताच उमटत होता.

"व्याही, उजेड पोचायला किती वेळ म्हणालाव?"

"पाचशे वर्षं."

"आपल्याला पाऊण तास पुरे. काका दमलेत, जीपमध्येच बसू द्या. बंडेप्पा, इंजिन बंद करू नको."

मुलानं लांबूनच हात जोडले आणि मंगलाष्टकं उरकली. मुकुंदरावांनी वऱ्हाडाला घाई केली, पण पाया पडणारे थांबेनात. इंजिनाच्या थरथरीनं काका प्रत्येकाला मान डोलावून आशीर्वाद देत होते. "आधी कुणाशी धड बोलत नव्हते," शेजारच्या कलाबाई म्हणाल्या, "म्हातारपणी किती निवळले बघा." सगळ्यात शेवटी अन्नपूर्णा आली. पायांवर हात ठेवला, तो तिथंच थांबला. तिनं बापाकडं बघितलं.

"बाबा, आजोबांचे पाय गार पडलेत. शाल घाला."

तिनं स्वतःच अंगावरची शाल काढून दिली आणि मागं न बघता नवऱ्याच्या मागून चालू लागली.

वरात निघताना गुरुशांतप्पा पुढं आला. "आता, सर?"

मास्तरांनी सही केली, तार उघडली आणि ढसाढसा रडायला लागले. वऱ्हाडातल्या बायका एकमेकींना म्हणाल्या, लेकीवर जीव असावा तर असा. त्यानंतर त्यांनी काकांना अग्नी दिला. तो देताना त्यांच्या अंगावर व्याह्यांनी आहेर केलेलंच धोतर होतं. दुसरं बदलायला सुचलं नाही.

तेरावा झाल्यावर मुकुंदराव आले. पाणीही प्यायले नाहीत.

"काकांचं निभावलं. ताऱ्याचं काय? सून आता माझ्या घरची. रोज सांजच्याला माडीवर जाऊन बघायलोय मी. जेवण जाईना झालंय. आपण लेखी देऊन ठेवू."

त्यांनी मजकूर सांगितला आणि मास्तरांनी वळणदार अक्षरात लिहून काढला. खाली दोघांनी सह्या केल्या:

'माननीय संचालक, वेधशाळा, यांचे सेवेशी. विषय: आर्द्रेतील तांबड्या ताऱ्याच्या संभाव्य निधनाबाबत. महोदय, सदर तारा आमच्या सुनेच्या जन्मनक्षत्राचा असून त्याची प्रकृती ठीक नसल्याचे कळते. तरी तो फुटल्यास त्याची वार्ता आम्हांस पूर्ण एक वर्ष उलटल्यानंतरच कळवावी, व तोपर्यंत त्याचा उजेड हुमनाबाद तालुक्याच्या हद्दीत येऊ देऊ नये, ही नम्र विनंती.'