कॅमेरा कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून

परसातले भाजीचे वाफे रोज कोण उकरतं, हे पाहण्यासाठी ऑडिटरसाहेबांनी कॅमेरा घेतला. झाडाला बांधून ठेवायचा, समोरून कुणी गेलं की आपोआप फोटो काढतो, तसला. घरामागचं कुंपण संपलं की लगेच झाडी होती. तिथूनच एखादं जनावर येत असावं, असं बायकोचं म्हणणं. (साहेबांच्या मते ते जनावर दोन पायांचं होतं.)

ऑफिसातला शिपाई म्हणाला, "साहेब, असले कॅमेरे झाडावर टिकत नाहीत. माझ्या साडूचा लावल्या लावल्या गेला."

झालं. दुसऱ्यांच्या व्हाउचरांवर संशय घेण्यात ज्याची नोकरी सरली, त्याला एवढं पुरे होतं.

साहेबांनी कॅमेऱ्याला मातकट रंग फासला, वर झाडाची साल चिकटवली, सायकलच्या साखळीनं तो खोडाला जखडला आणि कुलूप ठोकलं. कुठल्या खोडाला, ते बायकोलाही सांगितलं नाही. ती भावाला सांगेल, ही धास्ती. हा भाऊ शेजारीच राहायचा आणि त्यानं सहज विचारलंही होतं, "भावोजी, कॅमेरा कुठे लावलात?"

सहज असं कुणी विचारतं का?

काही दिवसांनी साहेब फोटो आणायला गेले. कुणी पाळत ठेवू नये म्हणून तोंडाला मफलर गुंडाळला होता. पण झाडीतलं प्रत्येक झाड दुसऱ्यासारखंच. त्यांनी खोडं चाचपली, ठोकून पाहिली, दमले, टेकले, पुन्हा चाचपली. कॅमेरा नाही.

"तुझ्या भावानंच नेला," त्यांनी घरी येऊन जाहीर केलं.

बायकोनं हातातली कणीक तशीच ठेवली. "चला. त्याच्या तोंडावर म्हणा."

तोंडावर म्हणायचं धाडस साहेबांत नव्हतं. मेहुण्याच्या घरात शिरताना "सहज आलो," म्हणत त्यांनी बूट काढायच्या निमित्तानं सोफ्याखाली डोकावून घेतलं. पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि डबे हलवून पाहिले.

"भावोजी, काही हरवलंय का?"

"मी कुठे म्हटलं हरवलंय? तुला कसं कळलं?"

"बरं झालं आलात. तुमचं बघून मीही एक कॅमेरा लावलाय झाडीत. त्यात एक माणूस आलाय. मला काही तो बरा वाटेना."

मेहुण्यानं मोबाइल पुढे केला. फोटोत मफलरवाला एक पाठमोरा माणूस झाडाला टेकून उभा होता. साहेबांचा चेहरा खुलला. मेहुणा निर्दोष होता हे थोडं खटकलं, पण चोर तर सापडला.

"हाच तो. उभं राहण्याची ढबच बघा, अट्टल आहे. असल्या माणसाला घराचा उंबरठा ओलांडू देऊ नये."

बायको फोटोकडे बघत राहिली. पँटच्या मागच्या ठिगळाची शिवण तिच्या हातची होती.

"उशीर झाला," ती म्हणाली. "माझ्या वडिलांनी त्याला जावई करून घेतलंय."

साहेबांचा हात नकळत मागे ठिगळाकडे गेला. मेहुणा भला माणूस, हसला नाही. त्यानं फक्त बोटांनी फोटो मोठा केला आणि हळूच म्हणाला, "भावोजी, टेकलाय कशावर, तेवढं बघता का?"

साहेबांनी चष्मा लावून पाहिलं. कोपराखाली साखळी होती, साखळीला कुलूप होतं आणि अट्टल चोर कॅमेऱ्यावरच रेलून घाम पुसत होता.