गलाईवाले शंकरतात्या

घंटागाडीचं गाणं ऐकू आलं की आमच्या गल्लीत सगळे बादल्या घेऊन धावतात आणि शंकरतात्या फाटकाला आतून कडी लावतात. भाजीची देठं, केळीची सालं ते झाडांना घालतात. पण घरातला झाडलेला केर त्यांनी आजवर कुणाला दिलेला नाही. तो पत्र्याच्या डब्यात भरून, झाकण लावून, जिन्याखाली ठेवला जातो.

"केर टाकायचा नसतो, सर. केर गाळायचा असतो," तात्यांनी मला समजावलं.

तात्यांचा सारा जन्म तमिळनाडूत, सेलमला, सोन्याच्या गलाईत गेला. आमच्या विटा गावाच्या आसपासची माणसं देशभर हाच धंदा करतात. जुने दागिने वितळवायचे, शुद्ध सोनं वेगळं काढायचं. त्या दुकानांत जमिनीवरच्या धुळीतही सोन्याचे कण असतात, म्हणून केर जपतात. हात धुतलेलं पाणीसुद्धा जपतात. दुकानात हे ठीकच. पण तात्यांच्या नव्या बंगल्यातल्या केरात खडीची धूळ आणि नातवंडांच्या बिस्किटांचा चुरा याखेरीज काही नव्हतं.

"यातनं काय निघणार, तात्या?"

"कायबी न्हाई. पन हात ऐकत न्हाईत."

पहिल्यांदा ते आमच्याकडे चहाला आले. निघताना उंबऱ्याच्या आत उभं राहून त्यांनी सदरा झटकला, धोतराचा सोगा झटकला, टोपी उलटी करून झटकली आणि "तुमचं तुमच्यापाशी" असं म्हणून गेले. माझी बायको बरेच दिवस धुमसत होती. पुढे कळलं की गलाईच्या दुकानातून बाहेर पडणारा कारागीर असे कपडे झटकतो, मालकाच्या सोन्याचा कणही अंगावरून जाऊ नये म्हणून. आमच्या घरी त्यांनी केला तो शिष्टाचार होता.

"म्हणजे आपलं घर त्यांना सोन्याचं वाटलं," बायको खुलली.

"किंवा धुळीचं," मी म्हणालो.

हे कुटुंब ऐन मे महिन्यात सेलमहून आलं, तात्या आता गावीच राहणार म्हणून. मागे सामानाचा ट्रक, पुढे मोटारीत तात्या, सुमनकाकी, मुलगा गणेश, सून आणि नातवंडं. चौकात फ्लेक्स आधीच लागला होता: 'मायभूमीच्या सुपुत्राचे सहर्ष स्वागत'. फोटोत तात्यांनी कानाला मोबाइल लावला होता. फ्लेक्सवरची सगळीच माणसं कुणाशी तरी फार महत्त्वाचं बोलत असतात. वास्तुशांतीला तात्या माइकवरून म्हणाले, "आपली माती ती आपली माती." तेवढ्यात वीज गेली आणि मातीबद्दलचं पुढचं मत आम्हाला कळलंच नाही.

सेलमला लोक त्यांना 'मराठी शेठ' म्हणत. इथं पोरांनी त्यांचं 'मद्रासी तात्या' केलं. तात्या म्हणाले, "परवाइल्ला." म्हणजे तमिळमध्ये 'चालतंय'. नळाला पाणी नाही, परवाइल्ला. नव्या फरशीला तडा गेला, परवाइल्ला.

चालत नव्हती ती एकच गोष्ट. सुमनकाकींना इथं करमत नव्हतं. लग्न झाल्या झाल्या त्या सेलमला गेल्या होत्या. सगळ्या मैत्रिणी, सगळी सुखदुःखं तिकडची. इथं त्या दिवसभर आतल्या खोलीत बसून असत. गणेश दुकानासाठी आणि मुलांच्या शाळेसाठी जूनमध्ये परतणार होता. काकींनी माझ्यासमोरच तात्यांना सांगून टाकलं, "आवं, गाव तुमचं हाय. मला हितं वळखतंय कोन? गण्या निघाला की मीबी निघाले. तुमी ऱ्हावा तुमच्या मातीत."

"परवाइल्ला," तात्या म्हणाले. पण आवाज पडला होता.

मग त्यांनी काकींना इथं रुजवण्याची मोहीम काढली. गल्लीतल्या झाडून सगळ्या बायकांना कॉफीला बोलावलं. ती स्वतः केली आणि या पेल्यातून त्या वाटीत हातभर उंचावरून ओतून दाखवली. बायकांनी टाळ्या वाजवल्या, बंगल्याचे खांब पाहिले, खांबांचा खर्च विचारला आणि घरी गेल्या. काकींशी कुणी चार शब्द बोललं नाही. दुसऱ्या दिवशी तात्या माझ्याकडे आले.

"सर, तुमी लय वाचलंय. बाईमानसाला गाव मानवायला काय लागतं वो?"

मी स्थलांतर, मुळं, ओळख वगैरे बरंच बोललो. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे तुमालाबी म्हाईत न्हाई," ते म्हणाले.

गणेश निघायच्या दिवशी मी नेहमीसारखा सकाळी फिरायला बाहेर पडलो. मोटार फाटकाशी उभी होती, डिकीत सामान लागलं होतं. आणि रस्त्यावर पाणी शिंपडून, धोतर खोचून, तात्या उकिडवे बसले होते. हातात तांदळाच्या पिठाची वाटी. ते रस्त्यावर ठिपके काढत होते. एक ठिपका वाटाण्याएवढा, तर दुसरा भाकरीएवढा.

"हे काय, तात्या?"

"हळू बोला. कोलम हाय. तिकडची रांगोळी. तिथं गण्याची आई रोज सकाळी दारात काढायची. येनारीजानारी बाई थांबायची, बोलायची. तिची समदी दोस्ती ह्या ठिपक्यांवरच झाली. हितं आल्यापास्नं गुडघं धरल्यात, काढलाच न्हाई." त्यांनी आणखी एक वाकडा ठिपका टाकला. "मला काय वो, फ्लेक्स लागला. तिला कुनी इचारलं? मीबी न्हाई इचारलं."

तेवढ्यात पिशवी घेऊन काकी बाहेर आल्या आणि रस्त्याकडे बघत राहिल्या.

"ह्यो कसला कोलम म्हनायचा? ठिपकं एका रांगंत नगं व्हय?"

"जमंल तसा काढलाय."

"जमला न्हाई. उठा. पाट आना."

तात्यांनी धावत पाट आणला. काकी हळूहळू टेकल्या, वाटी घेतली आणि चिमटीतून पिठाची रेघ सोडली. ती ठिपक्यांना वळसा घालत, कुठे न तुटता, पुन्हा जागेवर आली. दुधाची पिशवी घेऊन चाललेली समोरची सून थांबली. "काकी, हात न उचलता कसं काढलंसा? मला दावा की."

"बस हितं," काकी म्हणाल्या. "आदी ठिपकं नीट बघ."

गणेश किल्ली घेऊन बाहेर आला. "आई, ऊन व्हायच्या आत निघायला हवं."

"तुमी व्हा फुडं. पोचलास की फोन कर. ह्यांनी घान करून ठिवलीया, ती निस्तरते."

गणेशनं वडिलांकडे पाहिलं. मग डिकीतून आईची बॅग काढून ओट्यावर नेऊन ठेवली.

कोपऱ्यावरून दूधवाल्याची मोटारसायकल भरधाव आली. तात्या रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"कडंनं जा, गड्या," ते म्हणाले. "आमच्या मालकीणबाई बसल्यात."