बसाले अध्यक्ष कसाले?

आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये सुपडूआबांना आजवर कितीतरी वेळा घेतलं गेलं, आणि दर वेळी ते चहा निवायच्या आत बाहेर पडले. आबांना फोन नीट वापरता येत नाही. मुलाचा फोन आला तर उलटा धरून बोलतात. पण ग्रुपमधून बाहेर पडायचं बटण त्यांना अचूक सापडतं. मी एकदा म्हटलं, "आबा, राहायला काय हरकत आहे? पाणी कधी येणार ते तरी कळेल."

आबा म्हणाले, "कसाले? नळ आला की आवाज येस."

कसाले म्हणजे कशाला. इतकी वर्षं देवपुरातल्या या कॉलनीत काढून आबांची निम्मी मराठी शहरी झाली आहे. उरलेली निम्मी अहिराणी आहे, आणि नाही म्हणायचं असलं की ते तिच्याकडे वळतात.

आबांनी आयुष्यात कशाचंच सभासदत्व घेतलं नाही. नरडाण्याकडे कापसाच्या एका जिनिंग कारखान्यात ते नोकरीला होते. तिथे संप झाला तेव्हा आबा गेटवर सगळ्यांच्या पुढे बसले, पण युनियनची पावती काही फाडली नाही. पुढारी वैतागून म्हणाला, "तुम्ही नक्की कोणाचे? आमचे की मालकाचे?" आबा म्हणाले, "तुझ्या शेजारी बसलोय, दिसत नाही का?" गणपतीत मांडवाचे बांबू तेच बांधतात, पण कार्यकर्त्याचा बिल्ला दिला की तो खिशात जातो आणि तिथेच राहतो. समाजाच्या पुस्तिकेत नाव छापायला दोघं जण घरी आले, तर आबांनी विचारलं, "मी काय हरवलोय का, नाव छापायला?" ज्येष्ठ नागरिकांच्या संघाने सत्कार ठेवला, म्हणजे पुढे सभासद तरी होतील. आबांनी शाल परत केली, नारळ तिथेच स्टेजच्या पायरीवर फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं. भाषण राहूनच गेलं. आजवरचा सगळ्यात चांगला सत्कार तोच, असं माझं मत आहे.

असा माणूस रोज संध्याकाळी मात्र न चुकता आमच्यात येऊन बसायचा. कॉलनीच्या मोकळ्या जागेत निंबाखाली सिमेंटचे दोन बाक होते, तिथे आमचा कट्टा. मी कॉलेजातून निवृत्त झालेला मास्तर. पारसभाऊ कापडाचे व्यापारी. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले, पण भरिताच्या तिखटात पारसभाऊ कोणाला हार जात नाहीत. आणखी दोघं-तिघं शेजारी. आणि उस्मानभाई. उस्मानभाई पांझरा नदीच्या पलीकडून सायकलवर यायचे. त्यांचं गाद्या भरायचं दुकान. तरुणपणी आबांबरोबर त्याच जिनिंगमध्ये होते. दोघं एकाच बाकावर बसायचे आणि सगळा वेळ भांडायचे. हिवाळ्यात आम्ही तिथेच कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायचो. तेव्हा वांगं किती वेळा फिरवायचं यावरून दोघांचं असं वाजायचं की वांगी करपायची, आणि मग ती कोणामुळे करपली यावरून पुन्हा वाजायचं.

मागच्या वर्षी महापालिकेचा माणूस आला. मोकळ्या जागेला तारेचं कुंपण होणार, दिवे लागणार, फरशी बसणार. पण जागा सांभाळायला रीतसर नोंदवलेलं मंडळ हवं. किल्ली मंडळाकडे राहील. मंडळ नसेल तर जागा दुसऱ्या कामाला दिली जाईल.

पारसभाऊंच्या ओट्यावर बैठक बसली. त्यांनी नियम वाचून दाखवले. सात जण लागतात, सगळ्यांच्या आधारकार्डावर वस्तीचाच पत्ता हवा, अध्यक्ष हवा, सचिव हवा, घटना हवी. माझं अक्षर बरं म्हणून मी सचिव झालो. अध्यक्ष पारसभाऊ. बाकीचे कामाचं निमित्त सांगून बाजूला झाले, मोजून सहा जण तयार झाले. सातवे आबा.

आबा म्हणाले, "बसाले अध्यक्ष कसाले?"

सगळे हसले. उस्मानभाई तर सगळ्यांत जास्त. पारसभाऊ शांतपणे म्हणाले, "आबा, तुमचं म्हणणं पटतं. पण उद्या इथे कोणी टपरी टाकली, दारू पीत बसले, तर कोणत्या नात्याने हटकायचं? सरकारला आपली नावं माहीत असली तर आपलं ऐकतील."

"आतापर्यंत कोणी उठवलं का?"

"आता उठवतील."

"उठवलं तं दुसरीकडे बसू," असं म्हणून आबा घरी गेले.

पारसभाऊंचं म्हणणं चुकीचं नव्हतं. कॉलनीतल्या बायकांना तिथे दिवे हवे होते, आणि ते हवेच होते. एका म्हाताऱ्याच्या सवयीपायी सगळं अडून बसलं, अशी बोलणी सुरू झाली. आबांच्या सूनबाईंना भाजीवाल्यापाशीही दोन शब्द ऐकावे लागले.

त्याच सुमारास उस्मानभाई यायचे बंद झाले. गुडघा दुखतो, असा निरोप आला. आबा आपल्या बाकावर एकटेच बसायचे, आणि आमच्याशी बोलता बोलता त्यांची नजर पुलाकडून येणाऱ्या रस्त्यावर जायची. भांडायला कोणी नसल्यामुळे त्यांचं बोलणंही कमी झालं.

शेवटचं विचारून बघावं म्हणून मी अर्ज घेऊन त्यांच्या घरी गेलो. आबांनी अर्जाकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "सर, मला गाडीवर उस्मानकडे सोडा. मग बघू."

पूल ओलांडून आम्ही दुकानात गेलो. उस्मानभाई जमिनीवर मांडी घालून गादीचा कापूस मोकळा करत होते. आम्हाला बघून चटकन उठले आणि आतून दोन खुर्च्या घेऊन आले. गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं.

आबा खुर्चीवर बसले नाहीत. "तुना गुडघाले काय व्हयनं?"

"काही नही व्हयनं," उस्मानभाई म्हणाले. मग माझ्याकडे बघून नीट मराठीत बोलले, "सर, याची सही घेऊन टाका. मी येत नाही म्हटल्यावर आता याची काही अडचण नाही."

आबांचा आवाज उतरला. "तुले कोणी सांगं?"

"कोणी नही सांगं. आधारकार्ड मनाकडे बी शे. पत्ता वाचता येस माले."

मी अर्ज हातात धरून उभा होतो. आमची बैठक झाली तेव्हा उस्मानभाई तिथेच ओट्यावर बसले होते, सगळ्यांबरोबर हसत होते. पत्त्याचा नियम आम्ही सगळ्यांनीच ऐकला होता. आमच्यातला एक माणूस नदीपलीकडे राहतो, हे फक्त दोघांच्या लक्षात आलं होतं. आणि दोघांनीही ते एकमेकांना कळू द्यायचं नाही असं ठरवलं होतं.

परत येताना पुलावर आबा मागून म्हणाले, "नावं लिहिली की ज्याचं नाही लिहिलं तो पाहुणा होतो, सर. चाळीस वर्षांनी त्याला पाहुणा करू का मी?"

आबांनी सही केली नाही. मीही पुन्हा विचारलं नाही. शेवटी पारसभाऊंनी पत्नीला तयार केलं, त्या सातव्या सभासद झाल्या आणि मंडळ नोंदवलं गेलं. कुंपण झालं, दिवे लागले, मुली संध्याकाळी बिनधास्त बॅडमिंटन खेळतात. पाहुण्यांना आत घ्यायला मनाई नाही, असं मी घटनेत मुद्दाम लिहून घेतलं आणि ते सांगायला उस्मानभाईंकडे गेलो. त्यांनी चहा पाजला, आभार मानले. आले मात्र नाहीत.

आता आबा रोज संध्याकाळी पूल ओलांडून चालत जातात. उन्हाळ्यात मी कधी गाडीवर सोडतो. दुकानात हल्ली फोमच्या गाद्या जास्त खपतात. त्या उस्मानभाईंचा मुलगा विकतो, आणि हे दोघं मागच्या बाजूला बसून त्याला नावं ठेवतात. उस्मानभाईंची सून घरून चहा पाठवते तो आता दोन कपांचाच असतो.

परवा मी आबांना सोडायला गेलो तेव्हा उस्मानभाईंनी त्यांच्यासाठी एक छोटी गादी भरून ठेवली होती. चांगला लांब धाग्याचा कापूस, वर खादीची खोळ. आबांनी ती दाबून पाहिली, कडक आहे म्हणाले, उलटी करून पाहिली, तिकडूनही कडकच आहे म्हणाले, आणि बसले.

"घरी ने," उस्मानभाई म्हणाले. "घरीबी एकटाच बसतोस दिवसभर. कमरेला बरं पडेल."

आबा बराच वेळ खोळीवरची शिवण बोटाने चाचपत राहिले.

"राहू दे इथंच," ते म्हणाले. "घरी नेली तं मग उद्या इकडे यायला काय निमित्त सांगू?"