सूचनांसकट उलगडावे

या गोष्टीवर इथे जमलेल्या मंडळींपैकी कोणी विश्वास ठेवणार नाही, समोर सुपारी कातरत बसलेल्या वहिनी तर मुळीच नाहीत. तरीही सत्य असे की, माहिती काय आहे याला महत्त्व नसते. तिला हात कोण लावू शकतो याला असते.

एका कचेरीने कर्मचाऱ्यांची माहिती जुन्या संगणकातून नव्यात न्यायचे ठरवले. आधी माहितीची एक सलग ओळ करायची, मग पलीकडे ती उलगडायची. उलगडण्याचा प्रोग्रॅम धाकटीने लिहिला. (धाकटी म्हणजे खात्यातली सर्वांत नवी. नोकरी कच्ची.) प्रोग्रॅम चोख. नाव, हुद्दा, शेरा, एक अक्षर सांडले नाही. फक्त रकान्यांना चिकटवलेल्या सूचना वाटेत गळाल्या: 'हे बदलू नये', 'हे कोणाला दिसू नये'. आणि सूचना नसली की संगणक उदार होतो. सगळ्यांना सगळे दिसते, सगळ्यांना सगळे बदलता येते.

साहेबांनी वर्षानुवर्षे मन लावून लिहिलेले गुप्त शेरे सकाळी सर्वांनी वाचले. कोणी भांडले नाही. कचेरी शिस्तीची, ज्याने त्याने आपापला शेरा दुरुस्त केला. दुपारपर्यंत शंभर टक्के कर्मचारी 'असामान्य' ठरले. (उरलेले दोन टक्के 'अति असामान्य'.) शिपायाने स्वतःला अध्यक्ष केले आणि लगोलग अध्यक्षांच्या खुर्चीत डुलक्या घेऊ लागला. कामकाजात फरक जाणवला नाही.

"संध्याकाळपर्यंत होतं तसं कर," साहेब धाकटीला म्हणाले, "नाहीतर उद्या येऊ नकोस."

धाकटीने जुनी ओळ पुन्हा उलगडली. या वेळी आधी रकाने सूचनांसकट उभे केले, मगच त्यांत माहिती भरली. शेरे लपले, शिपाई स्टुलावर परतला. सूचना मात्र जरा जास्तच घट्ट चिकटल्या. साहेब त्या दिवसापासून तसूभर बदललेले नाहीत. हिशेबनीस तर 'दिसू नये' झाला; रोज हजर असतो, पण कोणाला दिसत नाही. (घरी दिसतो, अशी बायकोची तक्रार आहे.)

साहेबांनी धाकटीच्या नावापुढे नवा शेरा लिहिला आणि स्वतःच्या हाताने लपवला. आजतागायत तो कोणीही वाचलेला नाही. शेरा असा: 'हिला कायम करावे. हिने माझाही शेरा वाचला आहे.'

वहिनींचा अडकित्ता थांबला.

"भावोजी, कोणीच वाचला नाही, तर तुम्हाला कसा पाठ? आणि इतका वेळ माना डोलावणाऱ्या या मंडळींच्या नावापुढे काय शेरा मारलाय, तोही दाखवा की."