चिठ्ठीला इस्त्री

बायकोची चिठ्ठी जराशी चुरगळली होती, एवढंच. तिच्यावर इस्त्री फिरवावी असं प्रिंटरमास्तरांना वाटलं आणि घात झाला.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कचेरीतले कारकून. प्रिंटर अडला की सगळे त्यांनाच हाक मारत, म्हणून हे नाव. (आजवर त्यांनी एकच प्रिंटर दुरुस्त केला होता, तोही बंद करून पुन्हा चालू केल्यावर.) ज्ञान मात्र अफाट. फितीवर सुया आपटणारा डॉट मॅट्रिक्स, शाईचे बारीक थेंब उडवणारा इंकजेट, भुकटी तापवून कागदाला चिकटवणारा लेझर. ताटातला भात गार होईपर्यंत त्यांचं व्याख्यान चाले.

चिठ्ठी मुलाखतीची होती. पंधरा वर्षं घरी बसलेल्या बायकोला ग्रंथपालाच्या जागेसाठी बोलावणं आलं होतं, आज चार वाजता. काल ग्रंथालयाच्या खिडकीवर यंत्रातून निघालेल्या त्या चिठ्ठीवर तिचं नाव होतं, क्रमांक होता आणि खाली बजावलं होतं: ही दाखवल्याशिवाय प्रवेश नाही.

"अहो, राहू द्या तशीच," वेणी घालता घालता ती म्हणाली.

"अगं, साहेबापुढे असा बोळा ठेवणार? लेझरमधून कागद तापूनच बाहेर येतो. त्याला इस्त्रीचं काय भय!"

इस्त्री फिरली आणि चिठ्ठी या कडेपासून त्या कडेपर्यंत काळीकुट्ट झाली. जळली नाही, नुसती काळी. जगात चौथाही प्रिंटर असतो हे मास्तरांना आत्ता आठवलं. त्यात ना शाई, ना भुकटी. कागदच असा, की उष्णता लागेल तिथे काळा पडतो. पंधरा वर्षांनी आलेली संधी त्यांनी तीन सेकंदांत सपाट केली होती.

बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त "चला" म्हणाली. बसमध्ये मास्तर रडकुंडीला आले होते.

फाटकावरच्या रखवालदाराने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. "बाई, हे काय?"

"क्रमांक एकशे सत्तेचाळीस, यादीत बघा. चिठ्ठीची ही दशा आमच्या इस्त्रीवाल्याने केली. त्यालाच आणलाय साक्षीला."

"हा का तो?"

"हाच."

मास्तरांनी मान खाली घातली. यादीत नाव सापडलं, बायको आत गेली आणि मास्तर बाहेरच्या बाकावर बसले. आत तिला कुणी परत तर पाठवलं नसेल ना, या काळजीने ते दर मिनिटाला फाटकाकडे बघत राहिले.

तासाभराने ती जवळजवळ धावतच बाहेर आली. "सोमवारपासून या म्हणाले!"

मास्तरांचे डोळे भरून आले. ते उठले, तेव्हा त्यांच्या काखेत एक बोचकं होतं.

"हे काय?"

"रखवालदाराचे दोन गणवेश. उद्या सकाळी इस्त्री करून आण म्हणाला. नाही कसं म्हणू? तू खोटी पडली असतीस."

बायकोने एकदा बोचक्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे.

"परत देऊन या," ती म्हणाली. "त्या बिचाऱ्याला उद्या कामावर यायचंय."