धाकटीच्या गाडीची तहान

माझ्यासारखा माणूस शतकातून एखादाच जन्माला येतो, आणि या शतकातली ती जागा मी भरून टाकल्यामुळे बाकीच्यांनी आता निवांत राहायला हरकत नाही. नजर अशी की भिंतीला घाम फुटावा. कान असे की शेजारच्या घरातला अबोला मला ऐकू येतो. नाकाबद्दल मी स्वतः बोलणं बरं दिसत नाही, पण ते माझ्या आधी खोलीत शिरतं एवढं लोकांनीच मान्य केलेलं आहे. पोटासाठी मी एका छापखान्यात प्रुफं तपासतो. पण पिंड गुप्तहेराचा. आमच्या गल्लीतलं हरवलेलं मांजर मीच शोधून आणलं होतं. ज्यांचं हरवलं होतं त्यांचं ते नव्हतं, हा भाग वेगळा.

माझी मदतनीस म्हणजे माझी बायको. या पदावर तिची नेमणूक मी लग्नाच्या दिवशीच केली. ती अजून रुजू व्हायची आहे.

तर गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. धाकटी कानाची मशीन विकते. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांचे कान तपासायचे, मशीन बसवून द्यायचं, असा तिचा व्यवसाय. बाजारात छोटं दुकान आहे. नुकतीच तिने स्वतःच्या कमाईतून एक छोटीशी नवीकोरी गाडी घेतली होती.

"दादा, गाडी पेट्रोल फार पिते रे," ती म्हणाली. "कंपनी म्हणते लिटरला वीस जाईल. माझी बारावरच बसकण मारते."

"चोरी!" मी म्हणालो.

"माझं सांगून तरी होऊ दे."

"गरज नाही. मी निघालो."

"अरे, येऊ नकोस! मी नुसतं मन मोकळं करायला फोन..."

मी फोन ठेवला, टोपी चढवली आणि बायकोला बरोबर घेतलं.

धाकटीच्या घरी माणसं चार. ती, तिचा नवरा, सासू आणि सासरे. सासऱ्यांना ऐकू फार कमी येतं. सून कानाची मशीन विकते, पण सासरे मशीन लावत नाहीत, कारण त्यांच्या मते त्यांचे कान ठणठणीत आहेत आणि लोकच हल्ली हळू बोलतात. त्यामुळे दिवसभर टीव्ही अशा आवाजात चालू असतो की बातम्या आधी कोपऱ्यावरच्या वाण्याला कळतात आणि मग घराला. आम्ही शेवटी स्वयंपाकघरात दार लावून बसलो.

जावईबापू विम्याच्या कचेरीत आहेत. त्यांना जगातल्या प्रत्येक गोष्टीचा टक्का काढता येतो.

"गाडी नवी आहे, म्हणजे दोष गाडीत नाही," ते म्हणाले. "मग उरलं कोण? चालवणारी. मी हिला सांगितलंय, ही एक टाकी बघू. तोच आकडा आला तर गाडी देऊन टाकायची. पूर्वीसारखं मी सकाळी स्कूटरवर सोडेन, संध्याकाळी घेऊन येईन. त्यात काय एवढं?"

"त्यात काय एवढं!" धाकटीने कप आपटला. "दादा, पूर्वीसारखं म्हणजे काय ते ऐक. दुकानाला कुलूप लावायचं आणि पायरीवर बसायचं. ह्यांचं काम लांबलं की मी बसलेलीच. रस्त्यावरची कुत्री ओळखायला लागली होती मला. आता मी कुलूप लावते, किल्ली फिरवते आणि निघते. मला ती पायरी परत नकोय."

कितीही झालं तरी पाठची बहीण. तिच्या डोक्यावर हात ठेवून मी म्हणालो, "तुझी गाडी कुठे जात नाही. मी आलोय ना?"

"त्याचीच काळजी वाटतेय," बायको म्हणाली.

गाडी घरामागच्या उघड्या शेडमध्ये उभी असते. धाकटी सकाळी दुकानात जाते, दुपारी जेवायला येते, मागच्या खोलीत कूलर लावून पडते आणि उन्हं उतरली की परत जाते. किल्ली फ्रिजशेजारच्या खिळ्यावर. मी विचारपूस सुरू केली.

"गाडीत काही विचित्र जाणवतं?"

"सीट," धाकटी म्हणाली. "संध्याकाळी बसायला जावं तर सीट मागे गेलेली असते. मला रोज पुढे ओढावी लागते."

"आणखी?"

"आणखी काही नाही. उलट संध्याकाळी आत बसलं की छान गार वाटतं."

"शेडची सावली," मी सांगितलं. सामान्य गोष्टीत गुंतून पडणं हा कच्च्या गुप्तहेराचा दोष आहे. मी सीटवर लक्ष केंद्रित केलं. सीट मागे, म्हणजे पाय लांब. पाय लांब, म्हणजे चोर उंच! सीटखाली मला निळ्या लोकरीचा एक धागाही सापडला. उंच आणि स्वेटर घालणारा. माझ्या डोळ्यांसमोर गुन्हेगार उभा राहिला, आणि नेमका त्याच वेळी तो कुंपणापलीकडे झाडांना पाणीही घालत होता.

शेजारचे निवृत्त चित्रकला शिक्षक चांगले ताडमाड आहेत. नळी घालून पेट्रोल ओढणाऱ्याच्या तोंडाला वास येणारच, हे मला ठाऊक होतं. मी कुंपण ओलांडून सरळ त्यांना मिठी मारली आणि हुंगलं. लवंगेचा वास!

"लवंग!" मी घरात येऊन जाहीर केलं. "पेट्रोलचा वास लपवायला. केवढा मुरलेला गुन्हेगार!"

"अहो, दाढ दुखतेय त्यांची," बायको म्हणाली. "मघाशीच कुंपणाशी सांगत होते. आणि ते स्वेटर घालत नाहीत. या उकाड्यात कोण घालेल?"

जावईबापूंनी माझं कुंपण ओलांडणं पाहिलं होतं. त्यांनी डोक्याला हात लावला.

मग मी घरातल्यांच्या जबान्या घेतल्या. काकांची, म्हणजे धाकटीच्या सासऱ्यांची जबानी पूर्ण झाली नाही; मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला टीव्हीतल्या माणसानेच उत्तर दिलं. मावशी, म्हणजे सासूबाई, कोपऱ्यात विणत बसल्या होत्या. इतक्या बुटक्या की खुर्चीत बसल्या तर पाय लोंबतात, म्हणून मी त्यांना संशयितांतून आधीच वगळलं होतं. शिवाय गाडी घ्यायच्या वेळी सगळ्यात जास्त विरोध त्यांचाच होता.

"मावशी, गाडीबद्दल काय सांगाल?"

"मला मेलीला त्यातलं काय कळतंय? घरातल्या बाईला गाडी कशाला, असं मी तेव्हाच म्हटलं होतं."

"मग काळजी नको. आकडा सुधारला नाही तर विकणारच आहेत."

मावशींच्या मांडीवरचा निळा गुंडा घरंगळत माझ्या पायाशी आला. "विकणार? लगेच?"

बिचाऱ्या! चोराच्या धास्तीने त्यांच्या सुईवरचे टाके सुटत होते. मी गुंडा उचलून दिला आणि धीर दिला.

पुढचे दिवस धामधुमीचे गेले. मी गाडी गॅरेजात नेली. मिस्तरीने चाकांतली हवा, फिल्टर, प्लग, टाकी, नळ्या, सगळं पाहिलं आणि म्हणाला, "गाडी एकदम ओके आहे." म्हणजे मिस्तरी सामील! मग मी धाकटीशेजारी बसून तिचं चालवणं तपासलं. गिअर वेळेवर, ब्रेक बेताचा, वळणं सुबक. दोष एकच सापडला, तो म्हणजे हॉर्न. आवाज करायला शक्ती लागते आणि शक्ती पेट्रोलमधूनच येणार, तेव्हा मी हॉर्न बंद करायला लावला. त्या दिवशी आम्ही एका हातगाडीच्या मागोमाग घरापासून बाजारापर्यंत गेलो. हातगाडीवाल्याने वाटेत दोनदा चहा घेतला. त्यानंतर मी वजनाचा सिद्धांत मांडला आणि डिकी रिकामी केली. छत्री, सतरंजी, कानांच्या मशीनचे खोके आणि जादा चाक, सगळं बाहेर. दुसऱ्याच दिवशी गाडी पंक्चर झाली.

"दादा," धाकटी रस्त्याकडेला उभी राहून म्हणाली, "तू तुझ्या घरी जा ना रे." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. टाकी संपत आली होती आणि आकडा बारावरून अकरावर उतरला होता.

मी मात्र हटलो नाही. एकच रामबाण उपाय उरला होता, पाळत. गाडी दुपारी उभी असते तेव्हाच चोर येतो, हे उघड होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी, धाकटी जेवून पडल्यावर, मी रिकाम्या डिकीत शिरलो, गुडघे हनुवटीला लावले आणि वरचं झाकण ओढून घेतलं.

त्यापुढचा सगळा घटनाक्रम मी शपथेवर सांगू शकतो. आधी भयंकर उकडलं. मग, कसं कोण जाणे, हवा पालटली. अंगावर सुखद गारवा आला, खालून एक मंद थरथर सुरू झाली, लांबून कुठून तरी बारीक आवाजात जुनं गाणं येऊ लागलं. संशयास्पद असं काहीच घडलं नाही. मी डोळे मिटून एकाग्र झालो.

मला जाग आली, म्हणजे माझी एकाग्रता भंगली, तेव्हा डिकी उघडी होती आणि बायको कंबरेवर हात ठेवून उभी होती.

"उठा. चोर सापडला."

"कुठे आहे? पळाला?"

"पुढच्या सीटवर. विणतोय."

त्याचं झालं असं की मी रक्तदाबाची गोळी घरी विसरलो होतो. ती द्यायला बायको आली. दार वाजवून वाजवून हात दुखले, पण टीव्हीपुढे कोण ऐकतंय! म्हणून ती मागच्या बाजूने आली, तर शेडमध्ये गाडी चालू, काचा बंद, एसी सुरू, रेडिओवर गाणं आणि स्टिअरिंगसमोर सीट मागे ढकलून मावशी. दोन्ही पाय वर घेऊन, मांडी घालून, निळी लोकर सोडवत बसलेल्या.

"बाई गं!" मावशी तिला बघून दचकल्या. "सांगू नकोस हं कुणाला."

"मावशी, पण हा घोरण्याचा आवाज कसला?"

"तो होय? इंजिनाचा. आजच यायला लागलाय. नवी गाडी आहे, रुळेल."

"तो आवाज मी लग्नापासून ऐकतेय," बायको म्हणाली. "तो काही रुळत नाही." आणि तिने डिकी उघडली.

संध्याकाळी बैठक बसली. जावईबापू मोबाइलवर आकडा काढूनच आले होते. "अकरा," ते म्हणाले. "ठरल्याप्रमाणे आता..."

"थांब," मावशी म्हणाल्या. त्या उठून उभ्या राहिल्या, त्यामुळे उंचीत फारसा फरक पडला नाही, पण खोलीत पडला. "पेट्रोल मी जाळलं."

"आई, तू?"

"मीच. ही कशी चालू करते ते बघून बघून शिकले. पायाने ते दाबायचं आणि किल्ली फिरवायची. रोज दुपारी बसते मी गाडीत, ही उठेपर्यंत. काय करू? या घरात मला एक कोपरा शांत नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत तो टीव्ही माझ्या डोक्यात खिळे ठोकतो. इंजिन सुरू झालं तरी तुम्हाला कुणाला ऐकू आलं का? नाही ना? मग मी हाक मारली तर काय ऐकू येणार! काच वर केली की कसं बरं वाटतं म्हणून सांगू. आणि नावं ठेवता हिच्या हाताला? गाडी विकायचीच असेल तर आधी तुझ्या बाबांचा टीव्ही विक."

धाकटी आधी हसत सुटली. मग हसता हसता रडायलाच लागली आणि मावशींच्या गळ्यात पडली. "आई, मला सांगायचं तरी!"

"कुठल्या तोंडाने सांगू? गाडी नको म्हणणारी मीच ना?"

जावईबापूंनी मोबाइल खिशात ठेवला. मग धाकटीला म्हणाले, "चालवतेस तू चांगली."

"मोठ्याने म्हणा," धाकटी म्हणाली. "टीव्ही चालू आहे."

त्यांनी मोठ्याने म्हटलं.

मग धाकटी उठली, एक मशीन घेऊन आली आणि कुणाला काही न विचारता तिने ते सासऱ्यांच्या कानात बसवलं. काका ओरडणारच होते, पण टीव्हीचाच असा दणका बसला की त्यांनी धडपडून रिमोट शोधला. घर गप्प झालं. मावशी चहा टाकायला आत गेल्या आणि सवयीने गुणगुणू लागल्या. काकांनी मान वळवली. "ही अजून गाते?" ते म्हणाले. "मला वाटलं, कधीच सोडलं."

आत भांडं ओट्यावर जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला. गुणगुणणं मात्र थांबलं नाही.

पुढची टाकी एकोणीसवर गेली. किल्ली त्याच खिळ्यावर असते आणि धाकटीची पायरी आता कुत्र्यांकडे आहे. चोर गाडीजवळच आहे हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो, आणि तो सापडला तेव्हा माझ्यापासून हातभर अंतरावर होता, याची नोंद झाली पाहिजे.

फक्त एक गोष्ट मला उलगडत नाही. मावशी अजूनही दुपारी गाडीत जाऊन बसतात, पण आता इंजिन बंद, काचा खाली. आणि हल्ली त्यांच्या शेजारच्या सीटवर माझी बायको असते. रोज. मी कारण विचारलं तर म्हणाली, शांतता मिळते. आता तुम्हीच सांगा, आमच्या घरात टीव्ही नाही, रेडिओ नाही, मूलबाळ दंगा करत नाही. घरात आम्ही दोघंच, आणि ती तर तोंडातून शब्द काढत नाही. मग हिला आवाज कसला छळतो? मी रोज रात्री जेवताना तिला माझे वेगवेगळे तर्क सविस्तर समजावून सांगतोय.